दोन अंशांत अडकलेली ३८ अश्वशक्ती

एक टनाची होडी डोळ्यांसमोर आणा. इंजिन, पेट्रोल आणि माणसं धरून एक टन. तळाची रुंदी १.८ मीटर, मधल्या कण्यापासून दोन्हीकडे तळ १५ अंशांनी वर चढत गेलेला, वेग ३० नॉट, म्हणजे ताशी साडेपंचावन्न किलोमीटर. पाणी शांत. आता एकच गोष्ट बदलायची: नाळ (होडीचं पुढचं टोक) किती उचललेली आहे, म्हणजेच होडीचा तळ पाण्याशी किती अंशांचा कोन करतो. वजन तेच, वेग तोच.

| तळाचा कोन | भिजलेला तळ (चौ. मीटर) | घर्षणाचा विरोध (किलो) | दाबाचा विरोध (किलो) | एकूण (किलो) |
|---|---|---|---|---|
| २ अंश | ६.१ | १९० | ३५ | २२५ |
| ३ अंश | ३.० | ९२ | ५२ | १४४ |
| ४ अंश | १.६ | ५१ | ७० | १२१ |
| ५ अंश | १.० | ३१ | ८७ | ११८ |
| ६ अंश | ०.७ | २१ | १०५ | १२६ |

हे आकडे कुठल्या एका होडीवर मोजलेले नाहीत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत काम केलेल्या डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ साली वेगवान होड्यांच्या तळाविषयीची सूत्रं प्रसिद्ध केली. त्या सूत्रांत वरच्या होडीची मापं घालून मी हा हिशेब केला आहे. साठ वर्षं उलटली तरी अशा होडीचं आरेखन करणारा माणूस पहिला कच्चा हिशेब याच सूत्रांनी मांडतो. इंजिनाचा पाण्यात बुडालेला पाय आणि समोरचा वारा यांचा विरोध यात धरलेला नाही. खऱ्या होडीत तो प्रत्येक ओळीत वर मिळवावा लागतो.

पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. दोन अंशांवर होडीला मागे खेचणारा जोर २२५ किलो, चार अंशांवर १२१. ३० नॉटच्या वेगाने २२५ किलोचा विरोध मोडत जायला ४६ अश्वशक्ती लागते, १२१ किलोसाठी साडेचोवीस. फरक एकवीस-साडेएकवीस अश्वशक्तीचा. पण इंजिनाचा पाण्यातला पंखा मिळालेल्या शक्तीतली निम्म्याहून थोडीच जास्त शक्ती होडी पुढे ढकलण्यात लावतो, बाकीची पाणी घुसळण्यात जाते. ही कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर हाच फरक इंजिनाच्या बाजूने ३८ अश्वशक्तीचा होतो.

पेट्रोलचा एक जुना ठोकताळा आहे: पूर्ण जोरात चालणारं १०० अश्वशक्तीचं आऊटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर लावलेलं इंजिन) तासाला १० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर पेट्रोल पितं. त्या मापाने ३८ अश्वशक्ती म्हणजे तासाला साडेचौदा लिटर. मुंबईतला २०२५ सालचा १०३-१०४ रुपयांचा भाव धरला, तर चुकीच्या कोनात पळणारी ही होडी तासाला सुमारे दीड हजार रुपये पाण्यात टाकते. होडी संथ वाटली की लोक पहिला विचार मोठ्या इंजिनाचा करतात. मला वाटतं, आधी तळाचा कोन पाहावा.

हा कोन एवढा महाग का, ते तक्त्याच्या मधल्या दोन रकान्यांत दिसतं. पळत्या होडीला पाणी दोन तऱ्हांनी अडवतं. पहिली तऱ्हा घर्षणाची. ३० नॉटच्या वेगाला भिजलेल्या तळाचा प्रत्येक चौरस मीटर सुमारे ३१ किलोच्या जोराने होडीला मागे ओढतो. एका चौरस मीटरमागे हा ३१ किलोचा दंड. नाळ खाली असली की तळ लांबपर्यंत भिजतो. दोन अंशांवर सहा चौरस मीटरच्या वर. नाळ वर आली की होडी मागच्या छोट्याशा पट्ट्यावर टेकून पळते. चार अंशांवर दीड-पावणेदोन चौरस मीटर. घर्षण वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढतं, म्हणून हा फरक १० नॉटला फारसा जाणवत नाही आणि ३० नॉटला खिसा रिकामा करतो.

दुसरी तऱ्हा दाबाची. तळ तिरका असल्यामुळेच पाणी त्याला वर उचलतं, पण तिरक्या तळावरचा दाब थोडा मागेही ढकलतो. त्याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीइतका सोपा आहे: वजन गुणिले कोनाचा टॅन्जन्ट. एक टनाला दोन अंशांवर ३५ किलो, चार अंशांवर ७०, सहा अंशांवर १०५. नाळ जितकी वर, तितका हा विरोध जास्त.

एक विरोध घटतो तेव्हा दुसरा वाढतो, आणि दोन्हींची बेरीज मध्ये कुठेतरी सर्वांत कमी होते. बहुतेक वेगवान होड्यांसाठी ती जागा चार अंशांच्या आसपास असते. पण या बेरजेचा आकार दोन्ही बाजूंना सारखा नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. चार अंशांवरून पाचवर गेलात तर फायदा फक्त ३ किलोंचा. चारवरून दोनवर आलात तर तोटा १०४ किलोंचा. खालच्या बाजूला कडा आहे, वरच्या बाजूला सपाटी. मग पाच-सहा अंशांवरच का पळू नये? कारण त्या सपाटीवर होडी स्थिर राहत नाही. हलक्या, वेगवान होडीची नाळ फार वर गेली की ती डॉल्फिनसारखी ठरावीक लयीत वर-खाली उड्या मारू लागते. याला पोर्पॉइजिंग म्हणतात. समुद्र शांत असताना होडी आपोआप नाचू लागली, तर दोष बहुतेक वेळा कोनाचा असतो. चारच्या अलीकडे-पलीकडे थांबणाऱ्याला शेवटचे तीन किलो मिळत नाहीत, आणि त्या तीन किलोंसाठी उड्या सोसण्यात काही अर्थ नाही.

आता हा कोन बदलणाऱ्या बटणाकडे, म्हणजे पॉवर ट्रिमकडे वळू. पॉवर ट्रिम म्हणजे आऊटबोर्ड इंजिन मागच्या फळीपासून, म्हणजे ट्रान्समपासून, लांब किंवा जवळ झुकवणारी यंत्रणा. विजेची छोटी मोटर, दोन्ही दिशांना फिरणारा तेलाचा पंप आणि ब्रॅकेटमधले सिलिंडर. बटण थ्रॉटलच्या मुठीवर अंगठ्याखाली असतं. बऱ्याच इंजिनांमध्ये ट्रिमचा पल्ला सुमारे २० अंशांचा असतो, समजा उणे ४ पासून अधिक १६ पर्यंत. त्यापलीकडे इंजिन उचलत गेलं की त्याला टिल्ट म्हणतात. ते उथळ पाण्यासाठी आणि होडी नांगरून ठेवताना. लहान इंजिनांना हे बटण नसतं. तिथे ब्रॅकेटला चार-पाच भोकं असतात, आणि एक आडवी पिन काढून दुसऱ्या भोकात घालायची असते. एकदा बसवलेली पिन दिवसभर तिथेच राहते. पॉवर ट्रिमचा खरा फायदा हा की कोन चालत्या होडीत, दर मिनिटाला बदलता येतो.

१९०९ साली अमेरिकेत विकायला आलेलं ओले एव्हिनरूड यांचं आऊटबोर्ड दीड अश्वशक्तीचं होतं आणि वजनाला ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. दीड अश्वशक्तीने होडी पाण्यावर चढत नाही, ती पाणी कापत जाते, आणि तिथे कोनाचा प्रश्न एवढा टोकाला जात नाही. इंजिनांची ताकद वाढून होड्या पाण्यावर घसरू लागल्या तेव्हा अंशाअंशाला किंमत आली.

ट्रिम आत घेतला, म्हणजे इंजिनाचा पाय ट्रान्समच्या जवळ आणला, की पंख्याचा जोर पुढे आणि किंचित वर जातो. होडीची मागची बाजू उचलली जाते, नाळ खाली दबते. ट्रिम बाहेर काढला की जोर पुढे आणि किंचित खाली जातो. मागची बाजू दबते आणि नाळ वर येते. हे किती? पंखा १४० किलोच्या जोराने ढकलतोय असं धरा. उणे ४ पासून अधिक १६ अंशांपर्यंत पूर्ण पल्ला फिरवला, तर मागच्या बाजूवरच्या उभ्या जोरात ४८ किलोंचा फरक पडतो. होडीचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून दोन मीटर पुढे असेल, तर हा फरक ९७ किलो-मीटरचा.

हा आकडा माणसांत मोजला की चित्र बदलतं. ६५ किलोचा एक प्रवासी नाळेकडून दीड मीटर मागे येऊन बसला, तर होडीच्या तोलावर जवळजवळ तेवढाच परिणाम होतो. पंख्याची तिरकी पाती स्वतःही थोडं उचलतात किंवा दाबतात, म्हणून प्रत्यक्षात बटणाची ताकद यापेक्षा जास्त असते. तरी प्रमाण लक्षात येतं. चार जण नाळेवर फोटो काढायला गर्दी करून उभे असतील, तर अंगठ्याने बटण कितीही दाबा, तळ दोन अंशांवरून हलायला तयार होणार नाही. आधी वजन जागेवर बसवायचं, उरलेली सुधारणा ट्रिमने करायची. ट्रिमच्या गेजवरचा काटा इंजिनाचा कोन सांगतो, तळाचा नाही. वरच्या तक्त्यातला पहिला रकाना कुठल्याच काट्यावर दिसत नाही. तो पाण्यावरून ओळखावा लागतो.

ओळखायचा कसा, ते सांगण्याआधी निघतानाचं बोलू, कारण तिथे सगळं उलटं असतं. पाण्यात पाच मीटर लांबी असलेली होडी ताशी १० किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते. पुढची लाट नाळेखाली, मागची लाट शेपटीमागे, आणि होडी मधल्या उतारावर. तिथून पुढे जायचं तर त्या लाटेवर चढावं लागतं. ही चढण पार होईपर्यंत नाळ आकाशाकडे जाते आणि समोरचं काही दिसत नाही. म्हणून निघताना ट्रिम पूर्ण आत. मागची बाजू उचलली जाते, नाळ लवकर खाली येते, होडी पाण्यावर चढते. यासाठी इंजिन उभ्या रेषेच्याही थोडं आत जावं लागतं. म्हणूनच ट्रान्सम साधारण १२ ते १५ अंशांनी मागे कललेला असतो. जिथे फळी सरळ उभी असते, तिथे ट्रिम आत घ्यायला जागाच उरत नाही, आणि इंजिनाखाली पाचर बसवावी लागते.

होडी चढली की तोच आत घेतलेला ट्रिम शत्रू होतो. नाळ पाणी नांगरते, तळ सहा चौरस मीटर भिजलेला राहतो. याला कंटाळा म्हणा की सवय, पण निघतानाचाच ट्रिम ठेवून अख्खी फेरी मारणारे चालक भेटतात. बटण थोडं थोडं दाबून ट्रिम बाहेर काढू लागलं की तीन गोष्टी एकापाठोपाठ बदलतात. बाजूने उडणारं पाणी नाळेजवळून निसटत होतं, ते मागे सरकतं. सुकाणू हाताला हलकं लागतं. थ्रॉटल जिथल्या तिथे असताना इंजिनाचे फेरे वाढतात.

फेऱ्यांच्या बाबतीत मात्र फसायला होतं. १७ इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात, पाण्याऐवजी लोण्यात फिरत असता तर, ४३ सेंटिमीटर पुढे गेला असता. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे, गिअरचं प्रमाण २:१, म्हणजे पंख्याचे २७५० फेरे. त्या हिशेबाने होडी ताशी ७१ किलोमीटर जायला हवी. जीपीएस ६० दाखवत असेल तर १६ टक्के घसरण झाली. दहा ते वीस टक्के घसरण सर्वसाधारण मानतात. आता समजा ट्रिम थोडा बाहेर काढल्यावर फेरे ५६५० झाले आणि वेग ६२.५. घसरण साडेचौदा टक्क्यांवर आली. होडी मोकळी झाली. आणखी बाहेर काढलं, फेरे ५८५०, पण वेग उतरून ६१.५. घसरण जवळजवळ १९ टक्के. इंजिनाचा आवाज चढला, कानाला वाटलं की होडी धावतेय, पण पंखा आता हवा घुसळतोय. आवाजावर विश्वास ठेवणाऱ्याला ही शेवटची पायरी सर्वांत वेगवान वाटते. जीपीएस नसेल तर हा फरक कळत नाही.

पंख्यात वरून हवा शिरण्याला व्हेंटिलेशन म्हणतात. त्याला सर्रास कॅव्हिटेशन म्हटलं जातं, पण ती वेगळी गोष्ट आहे: तिथे पात्यावरचा दाब इतका घटतो की पाणी थंड असतानाच उकळून बुडबुडे होतात आणि फुटताना धातू खरवडतात. पंख्यावरची आडवी पट्टी हवा रोखायला असते. ट्रिम फार बाहेर असला की पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि वळण घेताना हवा हमखास शिरते, म्हणून जोराचं वळण घ्यायच्या आधी ट्रिम थोडा आत घ्यायचा.

सुकाणूची ओढही याच कोनाशी बांधलेली आहे. नेहमीच्या उजव्या फिरतीच्या पंख्याने ट्रिम आत असताना होडी उजवीकडे ओढते आणि ट्रिम बाहेर असताना डावीकडे. मध्ये कुठेतरी ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. अनुभवी हाताला गेजपेक्षा ही ओढच जास्त सांगते. ट्रिम पूर्ण आत ठेवून भरधाव जाण्यात खर्चापलीकडचा धोका आहे: दबलेली नाळ पाण्यात रुतून स्वतःच सुकाणू बनते आणि होडी एकाएकी गर्रकन वळते. अशा वळणात माणसं बाहेर फेकली जातात. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरहोड्यांच्या चालकाने इंजिन बंद करणारी दोरी किंवा तसं साधन भरधाव जाताना अंगाला जोडलेलं ठेवणं कायद्याने बंधनकारक केलं आहे. दोरी मनगटाला अडकवायला एक सेकंद लागतो. आपल्याकडच्या चालकांनीही ती रोज अडकवावी.

लाटा असल्या की तक्त्यातला चार अंशांचा सल्ला मागे पडतो. समोरून लाटा येत असताना नाळ थोडी खाली ठेवावी, म्हणजे तिचा धारदार भाग लाट कापतो. नाहीतर सपाट भाग आदळतो आणि बसलेल्यांचे मणके हादरतात. पेट्रोल जास्त लागेल, लागू द्यावं. लाटा मागून येत असताना उलट, नाळ जरा वर, नाहीतर होडी उतरताना पुढच्या लाटेच्या पाठीत नाक खुपसते.

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे वाळूचे पट्टे भरती-ओहोटीबरोबर उघडे पडतात आणि झाकले जातात. अशा ठिकाणी ट्रिमच्या पलीकडचा टिल्ट कामाला येतो, पण त्याचीही हद्द आहे. इंजिन टिल्टच्या पल्ल्यात उचललेलं असताना फेरे साधारण २००० च्या आत ठेवायचे, कारण तिथे इंजिनाला ट्रिमच्या सिलिंडरांचा भक्कम आधार नसतो. आणि पायावरची पाणी ओढणारी भोकं पाण्याखालीच राहिली पाहिजेत. ती बाहेर आली की थंडावा देणारं पाणी थांबतं. मागून पडणारी पाण्याची धार चालू आहे की नाही, हे वाळूच्या पट्ट्यावरून जाताना सारखं पाहत राहायला हवं.

ज्याच्याकडे होडी आहे त्याने स्वतःचा तक्ता बनवावा, असं मला मनापासून वाटतं. होडीत दोन माणसं, शांत पाणी, थ्रॉटल एकाच जागी, ट्रिम पूर्ण आतून सुरुवात. जीपीएसचा वेग आणि फेरे लिहायचे, बटण दोन सेकंद दाबायचं, होडी स्थिरावू द्यायची, पुन्हा लिहायचे. मग तीच फेरी उलट दिशेने मारून सरासरी घ्यायची. खाडीत प्रवाह दोन नॉटांचा असला तर एका दिशेच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. वेग वाढायचा थांबला आणि फेरेच वाढत राहिले, की एक पाऊल मागे यायचं. ती जागा गेजवर खुणेने नोंदवायची. त्यानंतर आठ माणसं बसवून हेच पुन्हा करायचं. दोन माणसांच्या फेरीत काटा जिथे थांबला होता, तिथे तो आठ माणसांच्या फेरीत थांबत नाही. टाकी अर्ध्यावर आल्यावर तिसऱ्यांदा: शंभर लिटर पेट्रोल जळलं म्हणजे ७४ किलो वजन होडीतून उतरलं, आणि टाकी बहुतेक वेळा मागेच असते.